साहेबांना पाडायचा बेत

२ जून
मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पार्किन्सन्समध्ये शरीर तोल सावरायला विसरतं, व्यायामाला जा. माझा तोल उत्तम आहे. परवा पडलो तो सतरंजीत पाय अडकून. बायको म्हणाली, त्या खोलीत सतरंजी नाही. तरी गेलो, केवळ तिच्या समाधानासाठी.
तिथे कोण दिसावं? आमचे जुने साहेब. माझं प्रमोशन अडवून भाच्याला खुर्ची देणारे. अर्धांगवायू झालाय, डावीकडे कलतात. देव आहे.

५ जून
फिजिओ मुलगी मागून खांदे ओढते आणि आपण पडायचं नाही. मी मागे गेलो, तिने झेललं. म्हणाली, पाऊल टाकायला उशीर होतोय. मी म्हणालो, बेसावध होतो. ती म्हणाली, सांगून ओढलं होतं. म्हणूनच बेसावध होतो.
साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या रिपोर्टवर शेरा मारताना हलवायचे, तीच. वचपा काढणार.

९ जून
फिजिओने आमची जोडी लावली. मऊ स्पंजवर समोरासमोर, तळव्याला तळवा, डोळे मिटून. बेत सुचला: ऐनवेळी हात काढून घ्यायचे. साहेब डावीकडे आडवे. बाजूला गाद्या आहेत, तेव्हा इजा नाही, नुसता अपमान. मी दुष्ट नाही.
बायकोला अर्धा बेत सांगितला. म्हणाली, आधी उभ्याने पायजमा घालून दाखवा. घरचा भेदी.

१२ जून
आज नाही. साहेब म्हणाले, घट्ट धरा हो, भीती वाटते. त्यांचे हात थरथरत होते. माझेही, पण माझे आजारामुळे. ही दया नव्हे, स्ट्रॅटेजी. आधी विश्वास बसू दे.

१६ जून
सर्दी. सूड ठणठणीत माणसाने घ्यावा.

१९ जून
हात काढले. साहेब जागच्या जागी उभे. मी थेट त्यांच्या छातीवर. त्यांनी धडधाकट हाताने माझी कॉलर पकडली. फिजिओने टाळ्या वाजवल्या, साहेबांसाठी. म्हणाली, इतके दिवस तुमचाच भार त्यांच्यावर होता. स्पंज सदोष आहे. लेखी तक्रार करणार.

२३ जून
आता तोंडावरच सुनवायचं. भाषण पाठ करून गेलो. सुरुवातीला विचारलं, मला ओळखलंत का? म्हणाले, ओळखलं की, तुम्ही पोस्टातले. मी आमच्या ऑफिसची आठवण करून दिली, भाच्याचीही. म्हणाले, आजारपणात बरंच पुसलं गेलंय. भाचा हल्ली फिरकत नाही. आता धरायला तुम्हीच.
भाषण आज नाही. पुढच्या वेळी.
निघताना दारात पाय जमिनीला चिकटले. हल्ली दार दिसलं की चिकटतात. न्यायला आलेल्या बायकोने आर्जवं केली, फिजिओने ताल धरून टाळ्या वाजवल्या. पाय ढिम्म. मागून साहेब खेकसले, अहो, वाट अडवू नका, डावा पाय उचला.
उचलला गेला. मी उचलला नव्हता.
बायकोने तिथल्या तिथे साहेबांचा नंबर घेतला. बाथरूमच्या दारात अडलो की फोन लावणार म्हणे. साहेब म्हणाले, कधीही लावा.