सरकारच्या जागी कौशल्या

नंदनवन, नागपूर
अधिक ज्येष्ठ, ऊन विचारूच नका

प्रिय दुर्गेशभाऊजी,

नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही पाठवते आहे. दीर म्हणून एक घ्या, लहान म्हणून दुसरा. तुमचा खोकला गेला असेलच. तुमच्या गुंजनला म्हणावं, मिरच्या पोचल्या आणि त्या तिच्यापेक्षा तिखट नाहीत. इकडे तुमचे दादा बरे आहेत, फक्त मी केस केल्यापासून ते वर्तमानपत्राच्या मागूनच बोलतात. आई ठणठणीत.

गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण हल्ली तुम्ही विसरता असं ऐकते. मे महिन्यात भर दुपारी तुमच्या सरिताताईंचे यजमान, म्हणजे आपले शेजारी राहणारे जावईबुवा रुपरावजी, आपल्या अंगणात आले आणि त्यांनी खिडकीतला कूलर लोखंडी सब्बलीनं फोडला. कारण काय, तर त्याचे थेंब त्यांच्या नव्या गाडीवर उडत होते. (गाडी दोन हात पुढे घेता आली असती, पण जावई मागे-पुढे सरकत नसतात.) आत आई झोपल्या होत्या. संध्याकाळी त्यांना ऊन लागलं आणि दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. रुपरावजी मोसंबी घेऊन भेटायला आले, “यंदा उन्हाळा लयच बेकार हाये” म्हणाले आणि गेले. ‘चुकलं’ एवढा एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. भाऊजी, मला भरपाई नको, त्यांना तुरुंग नको. तो शब्द मला हवा आहे, आईंच्या समोर. मोसंब्यांच्या सालीत तो कुठं राहिला असेल म्हणून मी सालंसुद्धा उलटून पाहिली.

पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, फोडलं कोणी? म्हटलं, जावयानं. त्यानं पेन खाली ठेवलं. “काहून वं बाई, जावयावर रिपोट? घरी कोणी मोठं मानूस नाही का?” म्हटलं, आहे, सलाईनवर आहे. मग त्यानं गुन्हा अदखलपात्र असल्याची चिठ्ठी हातावर ठेवली. म्हणजे गुन्हा झाला, पण सरकारला त्यात पडायचं नाही. हौस असेल तर तुम्ही कोर्टात जा.

हौस होती. सक्करदऱ्याच्या वकीलबाई दीप्ती म्हणाल्या, काकू, खाजगी फौजदारी तक्रार करू. एरवी कागदावर ‘सरकार विरुद्ध अमुक’ असतं, तुमच्या कागदावर सरकारच्या जागी तुमचं नाव येईल. भाऊजी, या घरात विजेच्या बिलावरसुद्धा माझं नाव नाही, आणि इथं एकदम सरकार! तिथंच सही केली. पण सरकार होणं सोपं नाही हो. पुरावा आपण न्यायचा, साक्षीदार आपण शोधायचे. सरकारला ताप आला तर दुसरा माणूस येतो, मला आला तर तक्रारच निकालात. कूलरचा सांगाडा ऑटोत घालून नेला, तर फाटकावरचा शिपाई म्हणे, “भंगार तिकडं टाका, बाई.”

आणि पहिल्याच तारखेला माझ्या हातून घात झाला. व्हरांड्यात रुपरावजी समोर आले, आणि मी (जळो ती सवय! लग्नापासूनची आहे) डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या पाया पडले. तेही सवयीनं “सुखी राहा” म्हणाले. त्यांचा वकील मागेच उभा! आत गेल्यावर तो न्यायाधीशांना सांगतो, ही बाई आरोपीच्या पाया पडते, आरोपी तिला आशीर्वाद देतो. यात भांडण आहेच कुठं? मी म्हटलं, साहेब, पाया पडले ते जावयाच्या, तक्रार आहे ती कूलर फोडणाऱ्यावर. दोघं एकाच अंगात राहतात, त्याला मी काय करू? साहेब हसले नाहीत, पण चष्मा बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, प्रत्यक्ष पाहणारा कोणी आहे का?

तेव्हापासून अख्खं नंदनवन आंधळं झालं आहे. तुमचे दादा त्या वेळी आंघोळीला होते. वर्ष झालं, अजून अंग पुसताहेत. मधुकररावकाका म्हणतात, जावयाला कोर्टात खेचणारं हे घराण्यातलं पहिलं घर. म्हटलं, असू द्या, कोणीतरी पहिलं लागतंच. समजुतीला येणाऱ्यांना मी चहा देते, बिनसाखरेचा.

बाकी क्षेम.

तुमची वहिनी,
कौशल्या

ता. क. पुढची तारीख येत्या मंगळवारी सकाळी आहे. अधिक महिना असल्यानं आईंनी जावयाला धोंड्याचं जेवणही त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं आहे. सकाळी आरोपी, संध्याकाळी पाटावर. पुरण मीच वाटणार.

ता. क. दुसरा. त्या दुपारी पायरीवर पन्ह्याचा पेला घेऊन कोण बसलं होतं? पेला अर्धा टाकून मागच्या दारानं मौद्याची बस कोणी धरली? मंगळवारी तीच बस उलटी धरा. बहिणीचा संसार मोडेल म्हणून भिऊ नका, सरिताताईंनीच मला कोर्टाचा रस्ता सांगितला.

ता. क. तिसरा. खोटं लिहिणार नाही: हे पत्र मी गार हवेत बसून लिहिते आहे. काल रुपरावजींनी नवा कूलर पाठवला. माणूस ठेवून गेला, बरोबर शब्द काही आला नाही. मला वाटलं, आता आई म्हणतील, मिटव. त्यांनी कूलर लावून घेतला, पलंग समोर ओढायला लावला, आणि डोळे मिटून म्हणाल्या, “हवा बरी हाये वं. पण तारीख चुकवू नोको.”