बूड नसलेली बुट्टी

जोयडा, मे १९२७

चि. मोनाप्पास थोरल्या भावाचा आशीर्वाद, मनात नसताना.

बेळगावच्या शाळेत पोरांना बास्केटबॉल शिकवतोस, शिकीव. पण सुट्टीला येऊन माझ्या बियाण्याच्या वेताच्या बुट्टीचं बूड कापून ती फणसाला टांगायची काय गरज होती?

काल तुला पोरगी सांगाय पाहुणे आले. पोरगा काय करतो, म्हणाले. मी बुट्टी दाखवून म्हटलं, "ह्यात चेंडू टाकाय शिकवतो."

"बुट्टीला बूड न्हाई, त्या घरात काय टिकणार?" म्हणत ते उठले.

पेरणी तोंडावर आलीया, म्हणून आज चिडून फणसावरच तिला नवं बूड विणून घातलं. मग बुट्टी उतरवायच्या आधी तू मागं ठेवलेला चेंडू सहज वर टाकला. तो आत जाऊन बसला. झाडावर चढून काढला, परत टाकला, परत चढलो. शेवटी कोयत्यानं बूड मीच कापलं.

हे तुला कळता कामा नये, म्हणून पत्र टाकत न्हाई.

तुझा दादा,
कृष्णा