वापरण्यापूर्वी काढावे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मोजकं लिहायचं, खरं लिहायचं.

ट्रकला नवे एलईडी दिवे लावले. स्वतः लावले. तेवीस वर्षं ट्रक चालवणाऱ्याला वायरमन कशाला हवा?

कारण असं. ही मुलीकडे गेली त्याला अकरा आठवडे झाले. हवापालटाला गेली आहे. काल मुलगी फोनवर म्हणाली की बाबा, आई यायला तयार आहे, पण तुमच्या ट्रकचे दिवे मिणमिणते, डोंगरातल्या रस्त्यावर तिचा जीव मुठीत असतो. म्हणजे अडचण फक्त दिव्यांची होती. आधीच सांगायचं ना. रविवारी जाऊन घेऊन येतो.

तोच दिवस. संध्याकाळी ७
दिवे लावून पाहिले. जुन्यांपेक्षा मंद. नवीन आहेत, रुळायला वेळ लागणार.

५ फेब्रुवारी, बुधवार
अजून रुळले नाहीत. अर्थिंगची शंका आली. तार जिथे चेसिसला कसली आहे तिथला गंज पॉलिश पेपरने घासला, नट आवळला. बोट कापलं. उजेड होता तेवढाच.

औषधाची डबी कुठे असते ते हिलाच माहीत. फोन हातात घेतला होता. पण एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला? रुमाल बांधला.

८ फेब्रुवारी, शनिवार
बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, मध्ये रिले टाकला. बॅटरी फुल चार्ज. डायनॅमो ठणठणीत. आता उजेड एवढा, की वाटेत काजवा भेटला तर भाऊ म्हणून हाक मारेल.

उद्याचं जाणं कॅन्सल. मुलीला कळवलं. ती म्हणाली, आई म्हणते काही घाई नाही. किती समजूतदार बाई.

दिव्याच्या काचेवर दुधी पापुद्रा आहे, त्याचा एक कोपरा उचलला गेलाय. कंपनीचं फिनिशिंग कच्चं. चिकटपट्टी लावून नीट बसवला. त्यावर मुंगीएवढी लाल अक्षरं आहेत, कंपनीचं नाव असणार. दुसऱ्या दिव्यालाही पट्टी लावून टाकली. आधीच काळजी घेतलेली बरी.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
आज काम नव्हतं. पाऊण तास सोफ्यावर बसलो. कव्हराचं प्लॅस्टिक चुरचुरतं. घरात दुसरा आवाज नसला की फारच चुरचुरतं. पण नऊ वर्षांचा सोफा आजही दुकानातल्यासारखा आहे, तो त्या कव्हरामुळेच.

जाताना ही म्हणाली होती, इतकी वर्षं मी दुकानात बसल्यासारखी बसले, एकदा तरी मला घरात बसू द्या. थकली होती बिचारी, काहीतरी बोलून गेली.

टीव्ही लावला. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असल्यामुळे बटणं धड दाबली जात नाहीत. बंद केला. कंटाळा आला. कंटाळा नव्हे खरं तर. असो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
वायरमनला बोलावलं. फक्त सेकंड ओपिनियन म्हणून. त्याने मीटर लावला, व्होल्टेज पाहिलं, माझ्या कामात एक खोट काढता आली नाही त्याला. मग दिव्यापाशी वाकला आणि नखाने माझी चिकटपट्टी उचकटायला लागला. मी म्हटलं, अहो सांभाळून, नवीन आहे. तोवर त्याने अख्खा पापुद्रा सर्रकन ओढला. समोरची गोडाऊनची भिंत पांढरीफटक झाली.

पापुद्रा माझ्या हातात देऊन त्याने मला लाल अक्षरं वाचायला लावली. चष्मा लावून वाचली. वापरण्यापूर्वी काढावे.

मोठ्या टायपात छापायला काय जातं यांचं?

जाताना त्याने विचारलं, घरीही असंच असतं का? मी विषय बदलला.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी निघालो. शेवटचा तासभर दिवे लावले. रस्त्यावरचा खडान् खडा दिसत होता.

ही फाटकात आली. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, आधी ते दिवे बंद करा. मग मी तिला सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. ती हसली. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, झालं काम. आत जाऊन बॅग घेऊन आली.

तिने केबिनच्या पायरीवर पाय ठेवला, आधाराला सीटवर हात टेकला. चुरचुर झाली. ती सीट गेल्या वर्षी खास तिच्यासाठीच बसवून घेतली होती. तिने विचारलं, हे नाही काढलंत? मी म्हटलं, अगं नवीन आहे, खराब होईल.

तिने पाय खाली घेतला. म्हणाली, जपून जा, दिवे छान आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
एकटाच परत आलो. उजेड उत्तम. वाट चुकायला काही कारणच नव्हतं.

आल्याआल्या सीटचं प्लॅस्टिक काढलं. मग रिमोटचं. मग कात्री घेऊन सोफ्याचं. खाली निळा रंग आहे, बारीक पांढऱ्या फुलांचा. हिनेच निवडला होता, मी विसरून गेलो होतो.

हिच्याशिवाय करमत नाही. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो.

सोफ्यावर बसून पाहिलं. मऊ आहे. आता चुरचुरतही नाही.