आधी येणारा आवाज

४ सप्टेंबर २००६, सोमवार

गारगोटीहून सकाळच्या एसटीने आले. साहेबांना उलट बोलू नकोस, असं बाबा स्टँडवर सारखं सांगत होते. साहेब कुठले! उचगावच्या या कारखान्यात मालक तवनाप्पांना सगळे आण्णाच म्हणतात. पंपाचे सुटे भाग करून दुबईला पाठवतात. मला बघून म्हणाले, "पोरगी पाठवलीय व्हय? बरं, आधी च्या घे की." पहिली नोकरी, आणि सर्व्हर बसवायचं सगळं काम माझ्याकडे! त्यासाठी जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली. दिवसभर झाडत होते. नाकात अजून धूळ आहे.

९ सप्टेंबर

सर्व्हर चालू झाला. लाईट गेली तरी चालावा म्हणून शेजारी मोठी बॅटरीही ठेवली. इंटरनेटवरून चालणारे फोनही जोडले. एक आण्णांच्या टेबलावर, एक माझ्या खोलीत आणि एक कसबा बावड्याच्या गोदामात, जिथे सुरेखाताई माल पेट्यांत भरून घेतात. आण्णा पहिल्याच फोनवर इतक्या मोठ्यानं बोलले, की फोन नसता तरी बावड्यात ऐकू गेलं असतं. सगळे खूप हसलो.

एकच खोट आहे. आपण बोललेलं थोड्या वेळानं आपल्यालाच परत ऐकू येतं. अशा फोनवर होतं तसं. सेटिंग बदलून बघेन.

१३ सप्टेंबर

प्रतिध्वनी गेला नाही, पुढे सरकलाय. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच माझं 'हॅलो' कानात आलं. केबल बदलली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तेच.

दुपारी सुरेखाताई फोनवर भाचीच्या लग्नाचं हसत सांगत होत्या. मध्येच त्यांच्याच आवाजात किंकाळी, "अगं आई गं, हात माझा—" घाबरून विचारलं, तर म्हणाल्या, मी कुठं काय वरडले बाई?

१५ सप्टेंबर

गोदामात लोखंडी पेटी सुरेखाताईंच्या हातावर पडली. दोन बोटं गेली. मी तेव्हा फोनवरच होते. तेच शब्द. त्याच जागी तुटलेले.

आण्णांना सगळं सांगितलं. रागावले. "यंत्र हाय ते पोरी. यंत्राला काय कळतंय?" फोन बंद करू का विचारलं, तर नको म्हणाले, दुबईची माणसं फोन करणार आहेत.

१८ सप्टेंबर

आज आण्णांनी स्वतः ऐकलं. मी गेले तेव्हा रिसीव्हर हातातच होता. म्हणाले, माझाच आवाज हाय, रडतोय, अभिनंदनला हाका मारतोय. अभिनंदन त्यांचा मुलगा, पुण्यात शिकणारा. आजच मोटारसायकलनं घरी यायला निघालेला.

त्याला थांब म्हणून सांगायचं होतं. आण्णांना मोबाइलमध्ये नंबर सापडेना, म्हणून तो मी लावून दिला. त्यानं गाडी चालवतच फोन घेतला. "आण्णा, काय झा—"

ट्रकचा हॉर्न.

मग आण्णा हाका मारू लागले.

नंबर मी लावला होता.

२१ सप्टेंबर

आण्णा घरी जेवायला तेवढे जातात. बाकी वेळ रिसीव्हर कानाला. फोन बंद करू देत नाहीत. पोराचं काहीतरी ऐकू येईल म्हणतात. यावर फक्त पुढचं ऐकू येतं, मागचं नाही. हे त्यांना कुणी सांगायचं?

२२ सप्टेंबर

आज माझा आवाज आला.

"आण्णा, दार उघडा—" मग खोकला. खूप खोकला. मग काहीच नाही.

हे शब्द बोलायचे नाहीत. कधीच नाहीत. उद्या सर्व्हर कायमचा बंद करते आणि गारगोटीला जाते.

२३ सप्टेंबर, दुपार

आण्णा जेवायला गेले म्हणून सर्व्हरच्या खोलीत शिरले. दार मागे लागलं. मूठ फिरत नाही—

बॅटरीतून धूर येतोय. सर्व्हर आल्या आल्या बंद केला, म्हणून इथला फोनही बंद. मोबाइल बाहेर पर्समध्ये. लाथा मारल्या, पण मशिनी सुरू आहेत, कुणाला ऐकू जात नाही.

दुसरं काही ओरडावं म्हटलं, तर तोंडात तेच शब्द येतात. लिहितेय म्हणजे तोंड बंद राहील—

मशिनी थांबल्या. लाईट गेली वाटतं.

दार वाजवायला हात उचलवत नाहीत आता, लिहिण्यापुरती बोटं हलतात. डोळे—

चपला वाजतायत. आण्णा. दाराशी थांबलेत. एक हाक मारली की उघडतील. एकच हाक. पण ती मारली, तर पुढचं—

घसा खवखवतोय. नाही. तोंड बंद ठेव. आण्