पिंपातलं शिळं पाणी

बाबा, काल मुलीने विचारलं, "आजोबांनी ते माशांचं काम मधेच का सोडलं गं?" मी तिला उत्तर दिलं, पण ते तुम्हाला सांगायला धीर होत नाही.

मुलुंडच्या आपल्या चाळीमागची सिमेंटची टाकी मला अजून दिसते. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही तिच्यात चिलापी मासे सोडलेत, शेजारी पिंपं आडवी कापून त्यांत खडी भरलीत आणि पालक, अळू लावलंत. टाकीतलं पाणी बादलीने खडीवर ओतायचं, ते गाळून परत टाकीत यायचं. "मासे झाडांका पोसतत, झाडां माशांका," तुम्ही सांगायचात. आई म्हणायची, "गावचा समुद्र सोडून मुंबईत आलात, आता परसात समुद्र मांडा." पण पहिली जुडी तीच नाक्यावरच्या खानावळवाल्या मावशींना दाखवून आली, आणि त्यांनी पुढच्या सोमवारपासून रोज पालक नि आठवड्याला मासे घ्यायचं कबूल केलं.

नळाचं पाणी तुम्ही थेट टाकीत कधी घालत नव्हतात. आधी वेगळ्या एका पिंपात दिवसभर उघडं ठेवायचं. "औषधाचो वास जांव दे गो. माशांका शिळांच पाणी गोड." त्या शनिवारी कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या आणि तुम्ही माशांना घालायची पेंड आणायला गेला होतात. त्या हिरवट पाण्याची मला लाज वाटली. मी मासे बादल्यांत काढले, टाकी उपसली, भिंती घासल्या. पिंपातलं पाणी टाकीचा तळ भरण्यातच संपलं, तेव्हा सरळ नळाला नळी लावली आणि मासे परत सोडले. मैत्रिणी म्हणाल्या, झकास.

संध्याकाळी तुम्ही येता, टाकी बघून खूश होता. "पिंपातलांच पाणी घातलंस ना गो?" मी हो म्हणते.

सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. तुम्ही टाकीशी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "माजीच चूक. नवी पेंड जास्त पडली." मी दारात उभी होते. खानावळीत नाही सांगायला तुम्हीच गेलात. मावशी म्हणाल्या, "काय ओ, मासे सासरी गेले की काय?" तुम्ही हसलात. नंतर आई पुन्हा मासे आणूया म्हणाली, की तुमचं एकच, "आपल्याक जमूचा नाय." मग वॉचमनची नोकरी, शेवटपर्यंत.

पेंड तुम्ही मोजूनच घातली होती, बाबा.

मुलीला काल मी सांगितलं, पेंड जास्त पडली. हे पान तिच्या हाती लागू नये म्हणून वहीतून फाडून ठेवते आहे.