चार किलोच्या दोन पिशव्या

देऊळगाव राजा,
रविवार

प्रिय रुक्मिणी,

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी वहिनी शेजारी बसलेली असणार. नांदुऱ्याला भावाकडे निघालीस तेव्हा गाडीच्या खिडकीतून एवढंच म्हणालीस, "तुमी अन् डॉक्टर मिळून माह्यापासून काहीतरी लपवून राह्यले. मले कळते." मी मान खाली घातली आणि तुझी खात्रीच पटली. तेव्हापासून व्यायामाचा रबरी पट्टा इथे खिळ्याला लटकतो आहे. व्यायाम शिकवणाऱ्या प्रतीक्षाचे फोन तू घेत नाहीस. ऑपरेशनला जायचंच नाही, असंही भावाला सांगितलंस म्हणे. म्हणून लिहायला बसलो.

संशय घेण्यात मी तुझ्या दोन पावलं पुढेच आहे, हे तू जाणतेस. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर दवाखान्यातून सांगितलं की आतड्याच्या ऑपरेशनआधी अंगात ताकद हवी. आमची ट्रेनर पुण्याहून फोनवर व्यायाम घेईल, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहाला, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. तीस वर्षं बाजार समितीच्या यार्डात मापारी म्हणून धान्य तोलण्यात काढली. काटा न बघता वजन लिहून घेणारा माणूस मी कधी खरा पाहिला नाही. आणि ही मुलगी तीनशे किलोमीटरवरून "काकू, दोन किलो ना?" विचारते आणि लिहून घेते! वर, उलट्या किती झाल्या, झोप किती लागली, हेही हिला हवं. तुझ्यावर कसला प्रयोग तर चालला नाही ना, म्हणून मी दाराआड उभा राहून सगळं ऐकायचो.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. शेजारच्या मुबीनाभाभींच्या फोनवरून मी तिला फोन लावला होता. खोटं नाव सांगून म्हटलं, "शेषराव बोलतो, मले बी कॅन्सर हाय, व्यायाम शिकवता काय?" ती शांतपणे म्हणाली, "काका, काकूंची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकते. आणि दाराआड खोकू नका, आमची मोजणी चुकते." भाभी शिलाई मशीनवर डोकं टेकून हसल्या. म्हणाल्या, "भाईजान, चोर पकडने निकले थे, खुदईच पकडे गये."

व्यायामात उचलायच्या तुझ्या दोन्ही पिशव्या भाभींनीच शिवल्या होत्या, जुन्या जीन्सच्या, धरायला पट्टे लावलेल्या. मी त्यांत हरभरा भरला. आधी दोन किलो, मग तीन, मग चार. दर वेळी काट्यावर तोलून, सुतळीने तोंड बांधून, खडूने आकडा घालून दिला. चारचा आकडा घातला आणि लगेच तुझा तिसरा डोस झाला. सुईने शीर काळी पडलेली, बोटं बधिर झालेली. तू ओठ दाबून पिशवी उचलायचीस. भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या हातातला पाण्याचा पेलासुद्धा काढून घ्यायचा, "पडून राह्य माय" म्हणायचा. आणि ही पोरगी म्हणायची, "छान, अजून दोन वेळा, काकू." मला तिचा फार राग यायचा.

पुढे पुढे तुला जमायला लागलं. दहादा, मग बारादा. तू खूश. पण प्रतीक्षाने एकदा विचारलं, "काकू, हात फार झरझर वर जातोय. पिशवी परत तोलली का?" तू दाराकडे बघत ठसक्यात सांगितलंस, "माहे मालक मापारी हायेत, बाई. त्याईच्या वजनात दाणा इकडचा तिकडं होत नाही." त्या दिवशी मला दाराआड खोकलासुद्धा आला नाही.

मग हा गेला मंगळवार. संभाजीनगरला तपासणीत तुझ्या हातात चार किलोचं लोखंडी वजन दिलं आणि तिसऱ्यांदा ते तू अर्ध्यावरूनच खाली ठेवलंस. डॉक्टर म्हणाले, गाठ आटली आहे, रिपोर्ट चांगला आहे, ताकद तेवढी कमी पडते, तीन आठवडे थांबू. तू फक्त 'थांबू' ऐकलंस. जालना आलं तेव्हा म्हणालीस, "वजन तेच. चार दिवसांत हात कुठं गेला माहा? आजार पसरला, अन् तुमी सांगून नाही राह्यले." मी तिथेच बोलायला हवं होतं.

रुक्मिणी, लोखंड चार किलोच होतं. पिशव्या नव्हत्या. तिसऱ्या डोसनंतर दुपारी तुझा डोळा लागला की मी सुतळी सोडून रोज मूठ-दोन मुठी हरभरा काढत होतो, आणि पिशवी फुगलेली दिसावी म्हणून आत चिंध्या कोंबत होतो. असला माल यार्डात कुणी आणला असता तर मी चारचौघांत परत पाठवला असता. "मले मऊ भात अन् तुमी रोज रोज उसळ काऊन खाता हो?" असं तू विचारायचीस ना, ती त्याच हरभऱ्याची. मला वाटायचं, तुझं ओझं हलकं करतो आहे. डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही. तुझ्या हातानेही दगा दिलेला नाही. दगा माझा. काल प्रतीक्षालाही सांगितलं. ती म्हणाली, "काका, खरं वजन किती ते कळू दे, तिथून सुरू करू." ते मला सांगता आलं नाही, कारण त्या पिशव्या तोलायचा मला अजून धीर झालेला नाही. उद्या भाभींचे मिस्टर नांदुऱ्याला येताहेत; त्यांच्याजवळ हे पत्र, पट्टा आणि दोन्ही पिशव्या देतो आहे, चिंध्यांसकट, जशाच्या तशा. भावाच्या दुकानातल्या काट्यावर तू स्वतः ठेव. आकडा तू वाच, खडूने तू लिही, आणि बुधवारी दहा वाजता तिचा फोन घे. डॉक्टरांच्या तीन आठवड्यांतले सोळा दिवस अजून हातात आहेत. मला लगेच माफ करू नकोस, पण आकडा तेवढा कळव.

तुझाच,
वामन