शेवंतामावशीच्या जागेवर झाडं

मंगळवार, संध्याकाळ

सासूबाई आजारी, म्हणून ग्रामसभेला आज घरूनच मोबाईलवर बसले. समोर हे बसलेले, कॅमेऱ्यात न दिसता. सरपंच ह्यांचे दोस्त. ठराव शाळेजवळ झाडं लावायचा. तिथंच शेवंतामावशी भाजी विकते. विरोध करीन, असा शब्द दिला होता मी तिला.

सरपंचांनी विचारलं, "वहिनी, सदस्य म्हणून तुमचं काय?"

'हो म्हण' अशी ह्यांनी मान हलवली.

"मान्य हाय," मी म्हटलं.

का म्हटलं मी? नुसती मान तर हलवली ह्यांनी.

सभेतून मावशीचा आवाज आला, "शब्द दिलतास की गं मला."

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी फोन बंद केला. शनिवारी पहिलं रोप माझ्याच हातून लावायचं ठरलंय.